बैलाची मुसकी, चेंडूची मुसकी

मुंबईची गाडी स्टँडला लागली आणि माझ्या मोठ्या बॅगेची चेन फाटली. त्या बॅगेत माझे कपडे, आईची मेतकूट-चटणी, एक प्रेशर कुकर आणि जर्मनीत पुढचं शिक्षण घ्यायला लागतील अशी मला तेव्हा वाटलेली सगळी पुस्तकं कोंबलेली होती, तेव्हा चेननं जीव सोडला यात तिची काही चूक नव्हती. आई कपाळाला हात लावून उभी राहिली. आप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, जिला घरात सगळेच आक्का म्हणतात, तिनं पदराआडून अंबाडीचा दोर काढला. नवा, तीनपदरी, तिनं स्वतः वळलेला. बॅगेवर गुडघा देऊन तिनं दोन उभे आणि दोन आडवे वेढे आवळले आणि गाठ मारली.

मग तिकिटाचं बघून आप्पा आले. त्यांनी बॅग पाहिली, आजूबाजूला पाहिलं. मला निरोप द्यायला त्यांच्या शाळेतले दोन शिक्षक आले होते. आप्पा खाली वाकले, डाव्या हातानं ती गाठ सोडवली, दोर आक्काच्या हातात दिला आणि समोरच्या दुकानातून निळी नायलॉनची दोरी आणून बॅग पुन्हा बांधली. "परदेशात जातेय ती," एवढंच म्हणाले. आक्कानं दोर पंजाभोवती गुंडाळून त्याची गुंडी केली आणि पदराआड ठेवून दिली. मी काय केलं म्हणाल, तर मी खिडकीची जागा धरली. खरं सांगायचं तर आप्पांनी दोर सोडवला तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आली ती उघडी. नायलॉनची गाठ वाटेतच सुटली होती. माझे परकर आणि कुकरचं झाकण वेगवेगळे फिरत होते. एका जर्मन गृहस्थानं ते झाकण दोन बोटांत धरून माझ्यापुढं केलं. मी त्या देशात उच्चारलेला पहिला शब्द 'डांके'. तोही दात आवळून.

हे मी गावाकडं राहिलेल्यांना लिहितेय आणि इकडं आलेल्यांनाही. राग दोघांवरही आहे, तेव्हा काही गोडधोड वाचायला मिळेल अशा आशेनं बसला असाल तर उठा.

आमची आळी दोर वळणाऱ्यांची. कासरे, दावी, शिंकी, बैलाच्या तोंडाला बांधायच्या जाळीच्या मुसक्या, सगळं आमच्याकडून जायचं. गावातलं एकूण एक जनावर आमच्या दोरानं बांधलेलं आणि आम्ही मात्र गावाच्या बाहेर. यापेक्षा जास्त खुलासा करायची मला गरज वाटत नाही. मराठी वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं, नेहमीच कळत आलंय.

आप्पांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातली दोर वळायची फिरकी फोडून चुलीत घातली. पुढं ते प्राथमिक शिक्षक झाले. घरातसुद्धा पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे आणि आम्हालाही तसंच बोलायला लावायचे. "या घरात हातात पेन दिसलं पाहिजे, दोर नाही," हे वाक्य मी शाळेच्या प्रतिज्ञेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. आक्काला मात्र ते काही करू शकले नाहीत. नवऱ्यानं टाकल्यावर ती आमच्याकडंच परत आली होती. परसात बसून ती दोर वळायची. आप्पांनी एकदाच विचारलं तेव्हा म्हणाली, "मला पेन धराय येत न्हाई. मग हातात काय धरू, सांग की मास्तर."

आप्पा निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या ड्युटीवर गेले की आक्का मला हाक मारायची. एकीनं नवी फिरकी फिरवायची आणि दुसरीनं अंबाडीच्या तंतूंचा वाख सोडत मागं मागं जायचं, असं करत परसाच्या कुंपणापर्यंत दोर जायचा. मुसकी विणायला तिनं मला मातीच्या गाडग्यावर शिकवली. मधेच एकदा म्हणाली, "तुझा बा बी विणायचा. डावखुरा हाय न्हवं, गाठ उलटी पडायची त्याची. तुझा आजा हातावर मारायचा. पर एक सांगू, सुटायची न्हाई ती." आप्पा यायच्या आत मी हात राखेनं घासून ठेवायची, कारण भिजवलेल्या अंबाडीचा वास साबणानं जात नाही.

शिकून मी टेक्स्टाइल इंजिनिअर झाले. र्युसेल्सहाइमजवळच्या एका कारखान्यात मोटारीच्या सीटबेल्टचे पट्टे तपासायची नोकरी लागली. पट्टा यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि कितीला तुटला ते लिहायचं. आप्पा लोकांना सांगायचे, "मुलगी मोटारींच्या सुरक्षेत आहे." आक्कानं फोनवर विचारलं, "म्हंजी नेमकं काय करतीस?" मी सांगितलं. ती इतकी हसली की आईनं फोन काढून घेतला.

जर्मनीबद्दल चांगलं सांगणारे खूप आहेत, ते काम मी त्यांच्यावर सोपवते. मला आठवतं ते हे की माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई जिना पुसायची माझी पाळी झाली की पायऱ्यांवर बोट फिरवायच्या आणि हाउसऑर्डनुंगमधला, म्हणजे इमारतीच्या नियमावलीतला, नेमका नियम लिहून चिठ्ठी दाराला चिकटवायच्या. आणि आपलं मराठी मंडळ? तिथं पहिल्याच भेटीत "पूर्ण नाव काय म्हणालात?" असं विचारायचे. नाव सांगितलं की "मूळचे कुठले?" आणि मूळ गाव सांगितलं की थोडं थांबून "गावात कुठं?" शेवटच्या प्रश्नाला मी "मध्यभागी" असं ठोकून द्यायची.

नोकरीच्या सातव्या वर्षी, मार्च महिन्यात, आमच्या प्रयोगशाळेतला डिर्क दुपारच्या जेवणाला एक काठी घेऊन आला. डिर्क आमचा तंत्रज्ञ, पन्नाशीचा, बोलायला तुसडा आणि कामाला चोख. सुट्टीच्या वेळात तो एका लॅक्रॉस क्लबचं सामान सांभाळायचा. लॅक्रॉस म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळीची पिशवी, तिला पॉकेट म्हणतात. कडक रबरी चेंडू त्या पॉकेटमध्ये झेलायचा, तो घेऊन पळायचं आणि त्यातूनच गोलात मारायचा. मैदानात खेळतात तो सभ्य प्रकार. हा हॉलमधला. आइस हॉकीच्या रिंगणातला बर्फ उन्हाळ्यापुरता काढतात, खाली हिरवा गालिचा अंथरतात आणि फळ्यांच्या भिंतींत पाच-पाच गडी आणि एकेक गोलकीपर कोंडतात. आडव्या काठीनं दुसऱ्याला ढकलणं इथं नियमात बसतं. माझ्यासारख्या बाईला हा खेळ न आवडता तरच नवल.

त्याच वर्षी कुणा गुंतवणूकदारानं या खेळाची पगारी लीग काढली होती. आजवर हौसेनं खेळणाऱ्यांना पगार मिळणार होता आणि प्रत्येक संघात कॅनडाहून दोन खेळाडू येणार होते. डिर्कच्या क्लबचे कॅनडावाले आले, पण त्यांच्याबरोबर पॉकेट विणणारा जो माणूस यायचा होता तो आलाच नाही. डिर्क मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतः विणायला बसला होता आणि शिव्या घालत होता.

मी काठी ओढून घेतली. चामड्याच्या चार उभ्या पट्ट्या आणि त्यांतून आडवी फिरणारी दोरी. सरळसरळ मुसकी होती ती. बैलाऐवजी चेंडूची, एवढाच फरक. माझं सूप गार व्हायच्या आत पॉकेट तयार झालं. इतकी वर्षं जे विसरल्याचं सोंग केलं होतं ते हातांनी माझी परवानगी न घेता करून टाकलं, आणि मला जरा भीतीच वाटली.

"गेनाऊ, अगदी असंच," डिर्क म्हणाला. "कुठं शिकलीस?"

"इंटरनेटवर," मी म्हटलं.

झालं, मी त्या संघाची पॉकेट विणणारी झाले. रीतसर करार झाला. जर्मनीत नोकरी सांभाळून दुसरं काम करायचं तर मालकाला कळवावं लागतं. त्या फॉर्मवर 'कामाचं स्वरूप' असा रकाना होता. मी त्यात लिहिलं 'क्रीडासाहित्याची देखभाल'. असा भारदस्त शब्द आप्पांनाही आवडला असता. त्यांना अर्थातच मी काही सांगितलं नाही.

संघाचा हुकमी खेळाडू होता मार्कस. कॅनडातल्या मूळ रहिवाशांपैकी. हा खेळ मुळात त्याच्याच लोकांचा, गोऱ्यांनी तो नंतर उचलला, हे तो भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. माणूस रागीट. काठी माझ्या टेबलावर ठेवायचा नाही, टाकायचा. "खोल आहे." "घट्ट आहे." "चेंडू उजवीकडं जातो." प्लीज हा शब्द त्याच्या तोंडून मी हंगामभर ऐकला नाही. मीही त्याला काठी परत देताना हातात देत नव्हते. आमचं छान जमलं.

लीगमध्ये एक नियम होता. समोरच्या संघाला संशय आला तर ते पंचांकडं कुणाच्याही काठीची तपासणी मागू शकतात. पंच चेंडू पॉकेटमध्ये अंगठ्यानं दाबतात आणि काठी उलटी करतात. चेंडू आपसूक पडला तर काठी पास, आणि तपासणी मागणाऱ्यांचाच एक गडी बाहेर बसतो. चेंडू अडकला तर काठी बाद आणि आपला गडी बाहेर. तिसऱ्या सामन्यात, बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटांत त्यांनी मार्कसची काठी मागितली. पंचांनी ती उलटी केली. चेंडू पडला नाही. हॉलमधली पाच-सातशे माणसं 'ओऽऽ' करून ओरडली. मार्कस बाहेर बसला, तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो.

सामना संपल्यावर आमच्या ट्रेनरनं सगळ्यांदेखत डिर्कला ऐकवलं, "मग काय, इंटरनेटवर शिकलेली माणसं आणली की हे असंच होणार." मार्कसनं काठी माझ्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "नीट कर, नाहीतर घरी जा." त्याच्या मनात तसं काही नसेल. पण 'घरी जा' हे मला एस-बानमध्ये, इथल्या लोकल गाडीत, दोन वेळा अनोळखी माणसांनी ऐकवलेलं होतं, त्यामुळं ते मला नेमकं लागायचं तिथंच लागलं.

चूक माझीच होती. हॉल तापलेला, हातमोजे घामानं निथळणारे आणि मी आडवी दोरी नायलॉनची घातलेली. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, हे मी स्वतः प्रयोगशाळेत शंभरदा लिहिलंय. फ्रँकफर्टच्या पट्ट्यावर माझे परकर फिरले होते तेही त्याच्यामुळंच. तरी हाताशी नायलॉन होतं म्हणून तेच वापरलं, आणि ते सैल पडून पॉकेट खोल झालं तसा चेंडू आत रुतला.

रविवारी सकाळी आप्पा विहारात वंदनेला जातात. ती वेळ साधून मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि आक्काला बोलवायला सांगितलं. आक्कानं काठीकडं पाहिलं, पॉकेटकडं पाहिलं, हे कशासाठी असं विचारलंसुद्धा नाही. "प्लॅस्टिक काढ आधी ते," म्हणाली. "झाडाचा दोर घाल. वल्ला हाय तवर आवळ आणि गाडग्यावर चढवून ठेव. वाळला की मग कुणाच्या बाला सुटत न्हाई." आई मोबाइल धरून मधेमधे दाराकडं बघत होती. माझ्या पस्तिसाव्या वर्षी आम्ही तिघी बायका चोरासारखं बोलत होतो, आणि तेही एका गाठीबद्दल!

मी जवसाच्या धाग्याची दोरी शोधून आणली. ओली करून विणली, गाडगं नव्हतं म्हणून कॉफीच्या डब्यावर चढवली. संघाच्या सगळ्या काठ्या आठवडाभरात उसवून नव्या केल्या. मार्कसनं दोनदा चेंडू मारून पाहिला आणि काठी थेट आपल्या पिशवीत घातली. तेव्हाच मी ओळखलं की बरं झालंय.

त्याच सुमारास क्लबनं मार्कसच्या आजोबांची काठी हॉलच्या दारात काचेच्या पेटीत लावली. आजोबांनी लाकूड वाफेवर वाकवून स्वतः केलेली, सामन्याआधी मार्कस कपाळाला लावायचा ती. पेटीवर दिवा, खाली पितळेची पाटी. येणारेजाणारे थांबायचे, आवाज खाली करायचे, फोटो काढायचे. मला त्या पेटीचा इतका राग यायचा की मी मागच्या दारानं आत जायला लागले. त्याच्या आज्यानं लाकूड वाकवलं तर ती परंपरा, माझ्या आज्यानं दोर वळला तर ती जात. त्याच्या घरची वस्तू काचेत आणि माझ्या घरची फिरकी चुलीत.

सातव्या सामन्यात पुन्हा तेच. बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि त्यांच्या ट्रेनरनं मार्कसच्या काठीकडं बोट दाखवलं. पंचांनी चेंडू दाबला, जरा जास्तच दाबला. काठी उलटी केली. चेंडू टप्पकन खाली पडला. त्यांचा गडी बाहेर गेला, मार्कसनं लगेच गोल केला आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मार्कस भिंतीपाशी आला, काठी माझ्या हातात दिली, टाकली नाही, आणि म्हणाला, "ओके." हंगामभरात त्यानं माझी केलेली स्तुती ती एवढी.

आणि नेमकी त्या क्षणी अदिती कॅमेरा घेऊन आली. अदिती पुण्याची, इथं मास्टर्स करणारी, मंडळात सगळ्यांची लाडकी. क्लबच्या सोशल मीडियाचं काम ती अर्धवेळ करायची. काचेतल्या काठीचा व्हिडिओ तिनंच केला होता आणि तो खूप चालला होता. तिनं मला जर्मनमध्ये विचारलं, हे कुठं शिकलात? इंटरनेटवर, असं मी म्हणायला हवं होतं. पण मी जिंकलेली होते आणि ती काचेची पेटी मला समोर दिसत होती. मी म्हटलं, "माझ्या घरात पिढ्यानपिढ्या दोर वळतात. मला माझ्या आत्यानं शिकवलंय."

जर्मनमध्ये ते किती स्वच्छ वाटलं म्हणून सांगू! इथं दोर वळणाऱ्याला झायलर म्हणतात. लोकांची आडनावंसुद्धा असतात तशी. माझा दातांचा डॉक्टर झायलर आहे, आणि त्याला कुणी 'गावात कुठं' असं विचारत नाही. भाषा बदलली की वास जातो असं मला वाटलं. साबणानं न जाणारा वास जर्मननं कसा जाईल, एवढीही अक्कल मला राहिली नाही.

अदितीनं हौसेनं खाली मराठी अक्षरं घातली. "किती भारी ना, विशाखाताई! रूट्स!" असं म्हणून तिनं व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या शनिवारी मंडळाचं जेवण होतं. मी पाण्याचा जग घेऊन वाढत होते. कुणाचे तरी सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, ते हसून म्हणाले, "पाहिला बरं का तुमचा व्हिडिओ. तरीच म्हटलं, हात इतका सफाईदार कसा." मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतायला वाकले, तर त्यांनी पेल्यावर हात ठेवला. "राहू दे, राहू दे. सूनबाई देईल." अगदी प्रेमानं म्हणाले. सूनबाई मान खाली घालून पाणी घेऊन आली. टेबलावरच्या सगळ्यांना अचानक कोशिंबिरीत रस निर्माण झाला. मी जग तिथंच ठेवला, कोट घेतला आणि निघाले. घरी पोचेपर्यंत अदितीनं व्हिडिओखालची मराठी अक्षरं काढून टाकली होती, मला न विचारता. सासऱ्यांपेक्षा मला त्याचा जास्त राग आला.

पण तोवर व्हिडिओ गावी पोचला होता. आप्पांच्या शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकानं, स्टँडवर निरोप द्यायला आलेल्या दोघांपैकीच एकानं, तो आप्पांना चहाच्या टपरीवर चारचौघांत दाखवला. "मास्तर, लेक घराण्याचं नाव काढतेय की," असं म्हणाला म्हणे.

त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. रविवारी फोन केला की आई म्हणायची, "आप्पा बाहेर गेलेत," आणि मागून आप्पांचा खोकला ऐकू यायचा. मी त्यांना मेसेज लिहिला, "मी लाज वाटण्यासारखं काही केलेलं नाही." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य घालून माझ्या हातातला दोर सोडवला, त्याच्या तोंडावर मी तो हसत हसत पुन्हा बांधला होता. आणि तरी मला त्यांचाही राग येत होता. त्या टपरीवरच्या माणसाला दोन शब्द सुनवायचे सोडून हे माझ्यावर रुसून बसले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडायची आणि रडता रडता त्यांच्याशी भांडायची. उत्तरं मीच द्यायची. शुद्ध भाषेत.

जुलैत आम्ही उपांत्य सामना हरलो. ऑगस्टमध्ये गुंतवणूकदार निघून गेला आणि लीग बंद पडली. एका हंगामाचा खेळ. हिरवा गालिचा गुंडाळला, पुन्हा बर्फ करायची यंत्रं लागली. मार्कस काचेतली काठी काढून घेत होता तेव्हा मी तिथंच होते. मी त्याला म्हटलं, तुझं बरं आहे, तुझ्या आजोबांना हा मान मिळाला. तो माझ्याकडं मूर्खाकडं बघावं तसं बघत राहिला. "माझ्या आजोबांना गावातल्या दुकानात मागच्या दारानं घ्यायचे," म्हणाला. "काच ते मेल्यावर आली." काठी ब्लँकेटमध्ये गुंडाळून तो गेला. बाय म्हणाला नाही. मी चार महिने एका काचेच्या पेटीवर जळत होते, आणि तेसुद्धा तसलंच दुकान होतं, माणूस मागच्या दारानं आणि त्याची वस्तू पुढच्या काचेत.

ऑक्टोबरात त्सोलआम्टचं पत्र आलं. तुमच्या नावे भारतातून पार्सल आलंय, कस्टमच्या कचेरीत येऊन आमच्यासमोर उघडून दाखवा. इथं आलेल्यांना ही रांग ठाऊक आहे. लोणच्याच्या बरण्यांना स्फोटकं असल्यासारखं बघतात. माझा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी खोकं पुढं ठेवलं आणि त्यावर चिकटवलेला कागद मोठ्यानं वाचायला लागल्या.

कागदावरचं अक्षर आप्पांचं होतं. इंग्रजी, टपोरं, फळ्यावर लिहिल्यासारखं, ओळी सरळ. आतल्या वस्तूंची यादी होती. चटणी. मेतकूट. वाळवलेली अंबाडीची भाजी. आणि चौथ्या ओळीत, 'दोर. हातानं वळलेला. आमच्या घरी.'

बाईंनी भुवया उंचावल्या. "दोर? कुठून आलंय हे?"

अशा वेळी मी 'भारतातून' म्हणते. इतक्या वर्षांची सवय आहे. घर हा शब्द मी इथल्या भाड्याच्या दोन खोल्यांसाठी वापरते, जिथं पायऱ्यांवर बोट फिरवतात. किल्ली जिथली खिशात, ते घर, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "घरून." म्हटल्यावर मला स्वतःचाच थोडा राग आला, पण शब्द परत घेतला नाही.

आतला दोर तर पुढची गोष्ट. खोकंच मुळी अंबाडीच्या दोरानं बांधलेलं होतं. दोन उभे, दोन आडवे वेढे. पोस्टानं वरून चिकटपट्टी मारली होती, ती बाईंनी ओढून काढली आणि साखळीनं काउंटरला बांधलेला कटर माझ्याकडं सरकवला. "कापा."

मी कापायला कटर घेतला आणि गाठ पाहिली. आक्काची गाठ मला झोपेतही ओळखता येईल, तिचा फेर उजवीकडून खाली जातो. हा डावीकडून गेला होता. गाठ उलटी पडली होती. ओली असताना आवळलेली, वाळून दगडासारखी झालेली.

मी कटर खाली ठेवला. "मी हातानं सोडवते," म्हटलं.

"त्याला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. मागच्या माणसानं मोठा उसासा टाकला, त्याच्या मागच्यानं घड्याळ पाहिलं, आणि कुणीतरी इथल्या पद्धतीप्रमाणं कुणाला उद्देशून न बोलता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की काही लोकांना इथले नियमच कळत नाहीत.

"हो," मी म्हटलं. "वेळ लागेल." आणि डाव्या हातानं गाठ सोडवायला घेतली.